आमच्या वहिनीनं काढली पोरं: एका घराची आग आणि दोन कागद

सप्ताहाचा चौथा दिवस. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, कीर्तन रंगात आलेलं आणि गाव झाडून सगळं देवळात. वरच्या आळीतल्या एका कौलारू घरात सत्तरी ओलांडलेली आजी आणि तिची दोन नातवंडं झोपली होती. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. त्यांचे आईवडील देवळात होते. शेजारच्या घरातली बाई तेवढी जागी होती, कारण तिची म्हैस व्यायला झाली होती.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, घाटाकडच्या बाजूला आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या बाईला सगळी आळी वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. या प्रकरणात पुढं सगळा घोळ त्या एका शब्दानं केला, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

मी स्वतः यात उशिरा आलो. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि कन्नड वाचता-लिहिता येतं म्हणून लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. वहिनीच्या शौर्य पुरस्काराचा प्रस्ताव मी लिहिला. तो लिहिताना जे कळलं, ते आपल्या भागातल्या माणसांसमोर सविस्तर मांडावं असं वाटलं.

ती रात्र

घर जुन्या धाटणीचं. पुढं सोपा, मग माजघर, त्याला लागून आजीची खोली, मागं चूल आणि न्हाणी. सोप्यावर आणि माजघरावर उघडा माळा, त्यावर सुगी संपल्यावर रचलेलं भाताचं पिंजार आणि पावसाळ्यासाठी राखलेली जळणाची लाकडं. आजीच्या खोलीवर मात्र फळ्या ठोकून वर मातीचा वीतभर थर दिलेला होता. पूर्वी धान्याची खोली ती. उंदरांपासून धान्य वाचावं म्हणून केलेली ही तजवीज त्या रात्री वेगळ्याच कामाला आली.

माळ्यावरून गेलेली वायर उंदरांनी कुरतडली होती आणि फ्यूजमध्ये जाड तार घातलेली होती. अग्निशमन दलाच्या अहवालात कारण म्हणून हेच नोंदलंय. आपल्याकडच्या किती घरांत वर पिंजार आणि त्यातून गेलेली उघडी वायर आहे, हे ज्यानं त्यानं आपल्याच माळ्यावर चढून बघावं.

वहिनीला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. कौलं तापून तडकायला लागली की फटाक्यासारखी वाजतात. गोठ्यातून ती बाहेर आली तेव्हा सोप्याचं छप्पर पेटलेलं होतं. पुढून जायला वाट नव्हती. तिनं मागचं दार गाठलं. न्हाणीतल्या पाण्यात लुगड्याचा पदर बुडवून तोंडाला धरला आणि वाकून आत शिरली. ओल्या कापडानं धूर काही प्रमाणात अडतो, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. तो दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. आगीत बहुतेक माणसं ज्वाळांनी जळून मरण्याआधी याच धुरानं बेशुद्ध पडतात. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. वाकून चालल्यानं ती वाचली, कारण धूर आधी वर साठतो आणि जमिनीलगत थोडा वेळ श्वास घेण्याजोगी हवा राहते.

पहिल्या खेपेला तिनं धाकट्याला उचलून आणलं आणि गोठ्यात म्हशीजवळ ठेवलं. दुसऱ्या खेपेला थोरली सापडेना. ती भिऊन अंथरुणाच्या वळकटीमागं जाऊन बसली होती. मुलं आगीत अशीच लपतात, हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. वहिनीनं हातानं चाचपडत तिला शोधलं, कमरेवर घेतलं आणि परत फिरताना आजीच्या खोलीचं दार ढकललं. आजीला कमी ऐकू येतं. तिचं अंथरूण पलीकडच्या भिंतीला. दार उघडताक्षणी माजघरातला धूर लोटासारखा त्या खोलीत घुसायला लागला. त्याच वेळी वरून एक पेटती रीप तिच्या उजव्या हातावर पडली. कमरेवर पोरगी. वहिनीनं दार ओढून घेतलं आणि बाहेर आली.

पोरीला खाली ठेवून ती पुन्हा वळली, तोवर मागच्या दारावरची पाखी खाली आली होती. देवळातून माणसं धावत आली होती, त्यांनी तिला धरून ठेवलं. ती ओरडत होती की म्हातारी आत आहे. स्वयंपाकघरात सिलिंडर होता, त्यामुळं कोणी जवळ जाऊ देईना.

बंब आला तो फोन लागल्यावर 26 मिनिटांनी. अंतर 14 किलोमीटर, त्यात घाटाची वळणं. एवढ्या वेळात गावातल्या तरुण पोरांनी विहिरीवरची मोटर लावून आजीच्या खोलीच्या भिंतीवर पाणी मारत ठेवलं होतं, हेही नोंदवायलाच हवं. दलातला एक तरुण जवान बीए सेट घालून, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून, मागच्या बाजूनं आत गेला. मागून दुसऱ्यानं पाण्याची नळी धरलेली. साताठ मिनिटांत त्यानं आजीला बाहेर आणलं. ती बेशुद्ध होती, पण श्वास चालू होता. अकरा दिवस दवाखान्यात राहून आजी घरी आली.

एकाच रात्रीचे दोन कागद

अग्निशमन दलात लिहिण्याची शिस्त असते. फोन किती वाजता आला, गाडी कधी सुटली, कधी पोचली, पाणी किती लागलं, आत कोण गेलं, हे सगळं त्याच रात्री वहीत चढतं. या जवानाच्या बाबतीत तर हवेचा दाबही लिहिलेला होता: आत जाताना 280 बार, बाहेर आल्यावर 150. भरलेला सिलिंडर 300 बारचा असतो आणि हवा संपत आली की शिट्टी वाजते, म्हणून बाहेर उभा असलेला माणूस हे आकडे टिपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठांनी दोन पानी अहवाल लिहिला. सहा महिन्यांच्या आत जवानाला खात्याचं प्रशंसापत्र मिळालं. अगदी योग्य झालं. दुसऱ्याच्या पेटलेल्या घरात पाय टाकणं हे रोजचं काम असलं तरी त्यातली भीती रोजची होत नाही.

वहिनीचा कागद कुठला? पोलिसांनी सकाळी येऊन पंचनामा केला. सांगणारे आळीतले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना कन्नड येत नाही. लिहिणाऱ्या पोलिसाला मराठी समजतं पण लिहिताना कन्नडच लिहायचं. म्हाताऱ्यांनी सांगितलं, "आमच्या वहिनीनं काढली पोरं." त्यांच्या दृष्टीनं याहून स्पष्ट काय सांगायचं? भावकी एक, आडनाव एक, भिंतीला भिंत लागून. लिहिणाऱ्यानं ऐकलं आमची वहिनी, आणि लिहिलं 'मनेयवरु', म्हणजे घरची माणसं. घरच्या माणसांनी मुलांना बाहेर काढलं, असा तो कागद झाला.

कन्नडात शेजाऱ्यांना 'नेरेमनेयवरु' म्हणतात. पुढची 'नेरे' ही दोन अक्षरं गळली आणि बाई कागदावरून गेली. पोलिसाला मी दोष देत नाही. शेजारणीला नात्यानं हाक मारायची ही आपली रीत, तिच्यात मायाच आहे. त्या रीतीनंच तिचं नाव पुसलं.

दुसरा कागद दवाखान्याचा असायला हवा होता. भाजल्यावर पहिली गोष्ट म्हणजे नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरणं. ते कोणी केलं नाही. तिनं कोरफड लावली, वर केळीचं पान बांधलं आणि म्हैस व्याली होती म्हणून घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी हात सुजला तेव्हा गावच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं, कागद काही दिला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग आजही आहे. नवी पाटी घासून गुळगुळीत करावी तशी ती कातडी चकाकते.

आणि एक गोष्ट कागदावर नव्हती पण गावात होती. तिनं दार लावलं, म्हातारीला आत कोंडून आली, असं कुणीतरी बोललं. मोठ्यानं कुणी बोललं नाही. पाणवठ्यावर, गिरणीत, असं. आजी वाचली तरी ते बोलणं राहिलं. वहिनी त्या रात्रीविषयी बोलेनाशी झाली.

पदकांचे दोन रस्ते

इथं जरा नियम सांगायला हवेत, कारण आपल्या भागात ते फार थोड्यांना माहीत आहेत.

दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या सामान्य नागरिकासाठी केंद्र सरकारची जीवनरक्षा पदक मालिका आहे, 1961 पासूनची. बुडणं, आग, विजेचा धक्का, खाणीतला अपघात, दरड, पूर, यातलं काहीही. तिच्यात तीन पायऱ्या. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला अत्यंत मोठा धोका होता तिथं सर्वोत्तम जीवनरक्षा पदक, मोठा धोका होता तिथं उत्तम जीवनरक्षा पदक, आणि स्वतःला गंभीर इजा होण्याच्या परिस्थितीत धैर्य आणि तत्परता दाखवली तिथं जीवनरक्षा पदक. सोबत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि अनुक्रमे 2 लाख, दीड लाख आणि 1 लाख रुपये. मरणोत्तरही मिळतं. यादी प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला येते. 2023 सालच्या यादीत सबंध देशातून 31 जण होते: 3 सर्वोत्तम, 7 उत्तम, 21 जीवनरक्षा. एवढ्या मोठ्या देशातून एकतीस. माणसं यापेक्षा कितीतरी जास्त वाचवली जातात. ज्यांचे कागद दिल्लीपर्यंत पोचतात त्यांचीच ही संख्या, असं मी यातून समजतो.

शिफारस राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडं जावी लागते. घटना मागच्या दोन वर्षांतली लागते. आणि सैन्यदल, पोलीस किंवा अग्निशमन सेवेतल्या माणसाला कर्तव्यावर असताना केलेल्या बचावासाठी ही पदकं मिळत नाहीत. त्यांचा रस्ता वेगळा, शौर्य पदकांचा. पूर्वी पोलीस, अग्निशमन, होमगार्ड, तुरुंग सेवा अशा सगळ्यांची मिळून सोळा वेगवेगळी पदकं होती. 2024 पासून ती चारांत आणली, त्यातली दोन शौर्याची: राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक. मुलांनी धाडस केलं तर कर्नाटकात होयसळ आणि केळदी चेन्नम्मा यांच्या नावानं वेगळे पुरस्कार आहेत.

मुलांच्या शौर्य पुरस्कारांची सुरुवातही एका आगीतूनच झाली. 2 ऑक्टोबर 1957 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्यानं पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या चौदा वर्षांच्या स्काउटनं वर चढून आपल्या चाकूनं पेटलेलं कापड कापून टाकलं. खाली पंडित नेहरू बसलेले होते. पंतप्रधानांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यातून एक राष्ट्रीय योजना उभी राहिली. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी आमची आळी आठवते. वहिनी आत गेली तेव्हा बघणारं कोणी नव्हतं. होते ते दोन लहान मुलं आणि एक म्हैस.

तर आमच्या प्रकरणात एकाच घरातून तीन जीव बाहेर आले आणि ते दोन रस्त्यांवर विभागले गेले. जवानाचा कागद त्याच्या खात्यात, वहिनीचा पोलीस ठाण्यात. दोन्ही कागद एकत्र वाचायचं काम कुणाकडंच नव्हतं.

एप्रिलमधली ती सकाळ

14 एप्रिल 1944 ला मुंबई बंदरात फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या आठवणीत 14 ते 20 एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आगीनंतर सोळा महिन्यांनी, या सप्ताहात आमच्या हायस्कुलात प्रात्यक्षिक होतं. मला जुना शिक्षक म्हणून बोलावलं होतं. बीए सेट दाखवायला जो जवान उभा राहिला तो तोच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मुलांना तो मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होता. आगीत खोलीतून बाहेर येताना मागं दार लावत या. दार बंद असलं की धूर आणि उष्णता आत शिरायला वेळ लागतो, आगीला हवा कमी मिळते. मग त्यानं उदाहरण दिलं. असंच एक घर होतं, माळ्यावर पिंजार, सगळं पेटलेलं. आत एक म्हातारी. "तिच्या खोलीचं दार बंद होतं म्हणून ती मला जिवंत भेटली. उघडं असतं तर मी फक्त प्रेत आणलं असतं."

मी बाकावरून उठलो. कार्यक्रम संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, दार कोणी लावलं होतं माहीत आहे का? तो म्हणाला, नाही सर, आपोआप लागलं असेल असं समजलो. त्याच्या अहवालातही एवढंच होतं, दार बंद होतं. कोणी लावलं हे लिहायचं त्याला कारण नव्हतं. आणि वहिनीच्या तोंडून दार हा शब्द निघत नव्हता.

त्याच संध्याकाळी मी वहिनीकडं गेलो. जवान काय म्हणाला ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी दार वडून घेतलं गुरुजी. म्हातारी आत हाय हे ठाऊक असून."

मी म्हटलं, वहिनी, तेच तर सांगतोय, त्यामुळं ती वाचली.

"ते मला तवा कुठं ठाऊक होतं? मी पोरीसाठी वडलं."

या प्रामाणिकपणापुढं मला बोलता येईना. प्रस्तावात आम्ही हे असंच लिहिलं. तिनं हिशेब करून दार लावलं असं दाखवलं असतं तर ते जास्त शोभलं असतं, पण खरं नसतं. तिनं केलं ते एवढंच, की दोन जिवांपैकी हातातला जीव आधी बाहेर नेला आणि धूर अडेल असं दार मागं ओढलं.

प्रस्ताव

दोन वर्षं भरायला आठ महिने उरले होते. ऐकायला पुष्कळ वाटतात. पहिले दोन महिने पुरवणी जबाबात गेले. म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन ठाण्यात गेलो. त्यांनी मराठीत सांगितलं, मी शब्दाशब्दाला कन्नड सांगितलं, आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून 'नेरेमनेयवरु' असं लिहून घेतलं, पुढं वहिनीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, घर नंबर. गावच्या डॉक्टरांनी आपली जुनी वही शोधून तारखेसकट दाखला दिला. ही वही त्यांनी ठेवली होती हे आमचं नशीब. पंचायतीच्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, दोन घरं वेगळी असल्याचा उतारा दिला, तलाठ्यांनी स्थळाचा नकाशा. अग्निशमन दलानं अहवालाची प्रत दिली आणि जवानानं स्वतःहून एक पान लिहून दिलं.

मग एका कचेरीत फाइल सात आठवडे पडून राहिली. कारण विचारलं तर सोबतचे तीन जबाब मराठीत आहेत, त्यांचं भाषांतर जोडा. भाषांतर मागणं चूक नाही, वाचणाऱ्याला समजायला हवंच. पण हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. सात आठवड्यांत कुणी एक फोन केला नाही याचं मला वाईट वाटतं. सीमेवरच्या माणसाला भाषेचा मुद्दा आला की लगेच वाद आठवतो, दोन्ही बाजूंना. इथं वादाचं काही नव्हतं, दोन पानांचं भाषांतर होतं. मी ते एका रात्रीत केलं. मुदतीला तीन आठवडे उरले असताना शिफारस डीसी ऑफिसातून, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीतून, वर गेली.

हे सगळं करताना कळलं की पहिल्या आठ दिवसांत पाच गोष्टी झाल्या असत्या तर आठ महिने लागलेच नसते. पंचनामा होताना वाचवणाऱ्या माणसानं स्वतः हजर राहावं आणि नात्याच्या हाकेऐवजी आपलं पूर्ण नाव, घर आणि ती त्या घरची नाही हे लिहून घ्यावं. भाजलेलं कितीही थोडं असो, सरकारी दवाखान्यात जाऊन कागद घ्यावा. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगावं. कन्नड न येणाऱ्यानं येणाऱ्याला बरोबर न्यावं. आणि बंबावरच्या माणसांना जाऊन भेटावं, कारण आत नेमकं काय होतं हे त्यांनी बघितलेलं असतं. आपल्या तरुण मंडळांना हे काम सहज जमेल. गणपतीत वर्गणीचा हिशेब ती ज्या काटेकोरपणे लिहितात, त्यातल्या अर्ध्या काटेकोरपणानं हे लिहिलं तरी पुरे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. या प्रकरणावरून कुणी पेटलेल्या घरात शिरू नये. वहिनी आत गेली तेव्हा मागची बाजू आगीनं अजून धरलेली नव्हती, तिला घर अंधारात पाठ होतं आणि तिसऱ्या वेळी वाट बंद झाली तेव्हा माणसांनी तिला धरलं. जवान मला म्हणाला, त्या वेळी धरलं नसतं तर मला दोघींना शोधावं लागलं असतं. आधी 101 किंवा 112 ला फोन, मीटरवरचा मेन स्विच बंद, बाहेर आलेल्यांची मोजणी. मुलं कमी भरली तर ती कुठं झोपतात हे बंबवाल्यांना सांगणं, हीसुद्धा त्यांना मोठी मदत असते.

शिफारस गेली त्या दिवशी मी प्रत घेऊन वहिनीकडं गेलो. आजी सोप्यात, नव्या पत्र्याखाली बसली होती, थोरली तिच्याजवळ पाढे म्हणत होती. वहिनीला यादीचं, पैशांचं काही विचारायचं नव्हतं. जवानानं लिहिलेलं पान तेवढं वाचून दाखवा म्हणाली. ते कन्नडात होतं. मी वाचलं, 'बागिलु मुच्चित्तु', मग मराठीत सांगितलं, दार बंद होतं म्हणून वृद्ध स्त्री जिवंत राहिली. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "आता हे आजींना मोठ्यानं वाचून दावा. त्यांना कमी ऐकू येतंय."

मी मोठ्यानं वाचलं. पलीकडच्या दोन घरांची दारं उघडी होती.